फेब्रुवारीनंतरची कोरी पाने

रद्दीच्या दुकानात कधी निवांत उभे राहण्याची वेळ आली, तर तिथल्या जुन्या डायऱ्या जरूर बघाव्यात. दुसऱ्याचे खासगी वाचू नये हा शिष्टाचार पाळून नुसती पाने उलटली, तरी एक गोष्ट लक्षात येते. एक जानेवारीचे पान काठोकाठ भरलेले असते. अक्षर वळणदार, शाई नवी, वर मधोमध 'श्री'सुद्धा. दहा-बारा तारखेपर्यंत मजकूर अर्ध्या पानावर येतो. संक्रांतीनंतर 'आज विशेष काही नाही' सुरू होते. फेब्रुवारीत अधूनमधून एखादी ओळ आणि मार्चपासून पाने कोरी, ती थेट डिसेंबरपर्यंत. मागच्या बाजूला मात्र दुधाचा हिशेब असतो, आणि गंमत अशी की तो बाराही महिने न चुकता चाललेला असतो.

हा दुधाचा हिशेब मला फार बोलका वाटतो. ज्या हाताला मार्चमध्ये चार ओळी लिहिण्याचा कंटाळा आला, तोच हात रोज सकाळी 'दीड लिटर' लिहीत राहिला. तेव्हा हा माणूस आळशी होता असे काही म्हणता येत नाही. हिशेब लिहिताना 'आज मला लिहावेसे वाटते आहे का' असे त्याने स्वतःला विचारले नाही, इतकेच.

नेमाने काही लिहायचे असे मनाशी ठरवणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुणी रोजनिशी लिहितो, कुणी नातवंडांसाठी आठवणींचे रोज एक पान लिहायला घेतो. कुणी ज्ञातिसंस्थेचे त्रैमासिक चालवतो, कुणी सोसायटीच्या जिन्यात भित्तिपत्रक लावतो. या कामाला कुणी पैसे देत नाही, आणि बंद पडले तर कुणी जाब विचारत नाही. म्हणूनच ते बंद पडते. मग ही माणसे भेटली की एकच गोष्ट सांगतात: "सुरुवातीला काय उत्साह होता हो! आता बसवतच नाही." त्यावर ऐकणारा हमखास एखादा सुविचार ऐकवतो. जिद्द ठेवा, मन खंबीर करा, इच्छा तिथे मार्ग. या सुविचारांनी कुणाचे पान भरल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

या बाबतीत बोलण्याचा माझा अधिकार छोटासाच आहे. टपाल खात्यात तेहेतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या ओसरीवर सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असा काळा फळा आहे. जून २०१३ पासून दर शनिवारी संध्याकाळी मी त्या फळ्यावर लिहिते. वर रंगीत खडूने मथळा, खाली पंधरा-सोळा ओळी. एखाद्या पुस्तकाची ओळख, गावातल्या एखाद्या बारवेची माहिती, त्या आठवड्यात दिसलेला पक्षी, असे काहीबाही. रविवारी सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणारी मंडळी आपल्या आवडीचे पान दुसऱ्याच्या हातातून सुटेपर्यंत फळा वाचतात. पुढच्या शनिवारी मी तो ओल्या फडक्याने पुसते आणि नवा लिहिते. असे सहाशेच्या वर फळे झाले. पुसलेले सगळे पुसलेच. (खडू आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवला तर अक्षर ठळक उठते आणि भुकटी कमी उडते, हे जाता जाता सांगून ठेवते. शाळामास्तरांना ठाऊक असतेच.)

पहिली दोन वर्षे कशी गेली कळले नाही. रस्त्यात लोक थांबवून बोलत. शाळेतली मुले मला 'फळ्यावरच्या मावशी' म्हणू लागली होती. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र शनिवार आला की पोटात गोळा येऊ लागला. विषय सुचेना. सुचला तर तो आधी लिहून झालाय असे वाटे. त्यातच एका सोमवारी गेले तर माझा मजकूर पुसून तिथे थकबाकीदार सभासदांची यादी लिहिलेली. कुणी विचारलेही नव्हते. त्याहून लागले ते हे, की दिवसभरात एकाही वाचकाने 'फळा कुठे गेला' असे विचारले नाही. घरी येऊन मी यजमानांना म्हटले, "आता पुरे." ते म्हणाले, "पुरे तर पुरे." त्यांच्या या थंड उत्तराचा मला राग आला हे खरे, पण दुसऱ्या दिवशी डोके शांत झाल्यावर मी विचार करू लागले की हे नेमके झाले काय? उत्साह संपला म्हणजे माझ्यातले काय संपले?

तेव्हापासून या प्रश्नाचा पिच्छा मी सोडलेला नाही. नेमाने लिहिणाऱ्यांची चरित्रे, त्यांच्या कामाच्या तऱ्हा मिळतील तशा वाचत गेले.

आपल्या मराठीत अशा लेखनाची परंपरा चांगली भक्कम आहे. गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' या नावाने 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहायला घेतली ती १८४८ साली, वयाच्या पंचविशीत. सरकारी नोकरी सांभाळून दोन-अडीच वर्षांत १०८ पत्रे लिहिली. आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. तेही तेव्हा सरकारी शाळेत शिक्षक होते. सात वर्षांत ८४ अंक निघाले, आणि त्यातला बहुतेक मजकूर एकट्या शास्त्रीबुवांचा. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले तेव्हा रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत. वकिली, सत्याग्रह, सभा हे सगळे चालू असताना.

यात मला सर्वांत जास्त थक्क करणारे नाव र. धों. कर्व्यांचे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते चालवले. लेख स्वतः लिहायचे, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे स्वतः द्यायची, वर खटले अंगावर घ्यायचे आणि दंड भरायचे. एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले होते. मासिकाने पैसे कधी मिळवून दिले नाहीत. घराघरात नाव घ्यायचीही चोरी. सव्वीस वर्षांत महिना गणिक असे अंक काढणाऱ्या माणसाला दर महिन्याला उत्साह वाटत असेल? मला नाही वाटत. त्यांच्यापाशी उत्साहापेक्षा टिकाऊ काहीतरी होते. समाजाशी त्यांचे एक भांडण होते आणि ते मिटलेले नव्हते. भांडण मिटत नाही तोवर माणसाला झोप येत नाही, मग पुढचा अंक निघतो.

पण खरे सांगायचे तर अशा मोठ्या माणसांची उदाहरणे दमलेल्या शनिवारी फारशी कामाला येत नाहीत. 'कर्व्यांनी सव्वीस वर्षे चालवले, आणि तुला पंधरा ओळी होत नाहीत?' असे स्वतःला म्हटले की खडू उचलण्याऐवजी माणूस अधिकच खचतो. आमचे कुणाशी भांडण नाही. फळ्यावर लिहिले नाही तर समाजाचे काही अडत नाही. आमच्यासारख्यांना उपयोगी पडेल असा माणूस मला सापडला तो अगदी वेगळ्या मुलखात, आणि तोही आमच्याच खात्यातला.

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार हाडाचा टपाल कर्मचारी. रस्त्याच्या कडेला उभी असणारी टपालपेटी ब्रिटिश मुलखात प्रथम उभी राहिली ती याच्या सूचनेवरून, चॅनेल बेटांत, १८५२ साली. नोकरी करता करता आणि नंतर मिळून या गृहस्थाने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. कशा, ते त्याने आत्मचरित्रात लपवून न ठेवता सांगितले आहे. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे. समोर घड्याळ ठेवायचे. पाव तासाला अडीचशे शब्द. असे तीन तास, मग आंघोळ-न्याहारी आणि कामाला. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका जुन्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मोजायचे. आपण जे काही झालो त्याचे सर्वांत मोठे ऋण या नोकराचे, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. शिवाय एक वही असायची. रोज किती पाने झाली त्याची तीत नोंद. ज्या दिवशी काही झाले नाही त्या दिवसाची रिकामी जागा वहीत दिसत राही आणि डोळ्यांत खुपे.

ही वही म्हणजे दुधाचा हिशेबच की!

ट्रोलप १८८२ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा विलायतेतल्या रसिकांनी नाके मुरडली. घड्याळ लावून लिहितो तो कसला कलावंत, म्हणून त्याची किंमत बराच काळ उतरली. मला त्या रसिकांचे हसू येते. आपल्याकडे गवयाने पहाटे चारला उठून रियाज केला की आपण कौतुकाने सांगतो, आणि लेखकाने साडेपाचला उठून पाने मोजली की तो कारकून ठरतो. लेखन तेवढे आभाळातून उतरले पाहिजे, असा हट्ट कशासाठी?

इथे मला आपल्या बायकांच्या कामाची आठवण होते. घरात रोज दोन वेळा पोळ्या होतात. 'आज तुला पोळ्या लाटण्याचा उत्साह आहे का' असे कुठल्याही घरात कुणी विचारलेले ऐकिवात नाही. विचारायला हवे होते, हा वेगळा मुद्दा, आणि त्यावर स्वतंत्र लेख होईल. पण कोणत्याही गृहिणीला विचारा, ती सांगेल की कणीक मळायला घेईपर्यंतच कंटाळा असतो. परातीत हात गेला की काम हाताला सापडते. पहिली पोळी जरा वेडीवाकडी होते, चौथीपासून फुगायला लागतात. लिहिण्याचे अगदी असेच आहे. आधी उत्साह आणि मग लिखाण, असा क्रम आपण धरून बसतो. अनुभव बहुतेक वेळा उलटा येतो. तीन ओळी लिहून झाल्या की चौथीला जरा बरे वाटू लागते. पण त्या तीन ओळी कोरड्या मनानेच लिहाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

स्वयंपाकघरातले आणखी एक शहाणपण आहे. रोज पुरणपोळी कुणी करत नाही. आमच्यासारखे हौशी लिहिणारे मात्र पहिल्याच दिवशी पुरणाचा घाट घालतात. पहिला अंक ऐंशी पानांचा, रंगीत मुखपृष्ठाचा. रोजनिशीचे पहिले पान काठोकाठ. मग तेच माप होऊन बसते, आणि अंगात ताप असताना, पाहुणे असताना, लग्नसराईत ते माप भरत नाही. भरले नाही की लाज वाटते, लाज वाटली की टाळाटाळ. मी तिसऱ्या वर्षीच्या त्या पावसाळ्यात फळ्याचे माप बदलले. वाईटात वाईट आठवड्यातही जेवढे होईल तेवढेच नेमाचे, बाकी वरकड. ते माप निघाले पाच ओळी. पाच ओळी लिहून खाली उतरले तरी नेम पाळला. तेव्हापासून पाच ओळींचा फळा असा वर्षातून तीन-चारदाच झाला असेल. इतर वेळी पाच म्हणता म्हणता पंधरा होतात.

आणि वार पक्का हवा. 'सवडीने लिहू' म्हणणाऱ्याला सवड मिळाल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले, रामनवमीच्या दिवशी. दर आठवड्याला गदिमांनी नवे गीत लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल लावायची आणि ठरल्या वेळी ते प्रक्षेपित व्हायचे. त्या वर्षी अधिक मास आल्याने पुढची रामनवमी लांबली, १९ एप्रिल १९५६ ला आली. तोवर ५६ गीते झाली. दोघेही त्या काळात चित्रपटांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. आठवड्याची ती वेळ डोक्यावर नसती आणि 'सुचेल तेव्हा करा' असे सांगितले असते, तर आपल्याला छप्पन्न गीते मिळाली असती का? मला शंका आहे. प्रतिभा गदिमांची होतीच. पण प्रतिभेला दारापर्यंत आणून सोडण्याचे काम आकाशवाणीच्या घड्याळाने केले, असे म्हटल्याने गदिमांचा मोठेपणा कमी होत नाही.

आता वाचकांचा प्रश्न. माझ्या मते उत्साह मारणारी सर्वांत मोठी गोष्ट कंटाळा नव्हे, मोजदाद आहे. किती लोकांनी वाचले, कितींनी चांगले म्हटले, गेल्या वेळेपेक्षा कमी का. या मोजदादीची एक खोड आहे: ती कधीही पुरेशी भरत नाही. चाळीस लोकांनी वाचले की पन्नास का नाही, असे वाटते. शिवाय जो बोलतो तो वाचतोच असे नाही आणि जो वाचतो तो बोलतोच असेही नाही. आमच्या वाचनालयात एक गृहस्थ येत. एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. नऊ वर्षांत फळ्याबद्दल त्यांनी माझ्याशी अवाक्षर काढले नव्हते. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने दोनशे पानी वही आणून दाखवली. तीत त्यांनी दर रविवारी फळा उतरवून घेतला होता, तारखेसकट. वही मी मागितली नाही, ती त्यांच्या घरीच असणे योग्य.

याचा अर्थ वाचक नसला तरी चालतो, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, वाचनालयाला कुलूप लागले आणि फळ्यापर्यंत जाण्याची सोय राहिली नाही. सात महिने. मी शाळेच्या वहीत शनिवारचा मजकूर लिहू लागले. सात-आठ आठवडे ठीक चालले. मग वाक्ये सैल पडू लागली, अर्धवट सुटू लागली, कारण ती कुणासाठीच नव्हती. तेव्हा मी पलीकडच्या आळीतल्या एका आजींना दूरध्वनी केला. वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूमुळे वाचन थांबलेले. म्हटले, "आजी, दर शनिवारी सहाला पाच मिनिटे ऐकाल का?" त्या म्हणाल्या, "ऐकते की. पण रटाळ असेल तर मध्येच ठेवून देईन हो." त्यांनी दोनदा खरोखरच ठेवून दिला. त्या सात महिन्यांइतके काळजीपूर्वक मी आधी किंवा नंतर कधी लिहिले नसेल. वाचक लागतो, पण तो एक लागतो. तो नावानिशी ठाऊक असलेला असावा आणि भिडेखातर वाहवा करणारा नसावा.

विषय संपण्याबद्दलही थोडे. लिहिणारा म्हणतो, 'आता सांगण्यासारखे उरले नाही.' बहुधा झालेले असते असे, की तो लिहीत राहिला आणि बघणे, वाचणे, विचारणे थांबले. विहिरीचा उपसा चालू आणि झरे बुजलेले. मी एक साधी सवय लावून घेतली. पिशवीत एक छोटी वही, आणि ऐकलेला प्रत्येक अनोळखी शब्द, प्रत्येक शंका तीत. बाजारात एकदा एक म्हातारी विक्रेत्याला "मापटंभर दे" म्हणाली आणि त्या तरुणाला कळेना. मी ते टिपून ठेवले. पुढे एका अगदी कोरड्या शनिवारी, दुसरे काही नाही म्हणून, धान्याची जुनी मापे फळ्यावर लिहिली. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पाच-सहा ओळींचाच मजकूर. मनात म्हटले, हा आठवडा कसाबसा निभावला.

त्या रविवारी ओसरीवर जेवढी चर्चा झाली तेवढी आजवर कधी झालेली नाही. कुणी म्हणाले, आमच्याकडे पायली थोडी मोठी असायची. मग गावोगावची मापे वेगळी असण्यावरून दोघांची जुंपली. दुपारी एक शेतकरी घरातले पितळी चिपटे घेऊन आला. ते आता वाचनालयाच्या कपाटात आहे. मुले त्यात हरभरे भरून मोजून बघतात. ज्या फळ्यांसाठी मी आठ-आठ दिवस खपले होते, त्यांच्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. तेव्हापासून माझी एक खात्री झाली आहे. लिहिताना आपल्याला कसे वाटत होते आणि लिहिलेले कसे उतरले, यांचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही. आनंदात लिहिलेले पुष्कळदा पोकळ निघते. म्हणून 'आज मन लागत नाही, आज चांगले होणार नाही' हे कारण मी तरी आता मानत नाही.

थांबावेच की नाही? थांबावे, जरूर थांबावे. नेम म्हणजे जन्मठेप नव्हे. घरात आजारपण असेल, दुसरे मोठे काम पुढे उभे असेल, तर नेमाचा बडेजाव माजवू नये. चिपळूणकरांनी माला थांबवली तेव्हा त्यांच्यासमोर न्यू इंग्लिश स्कूल होते, 'केसरी' आणि 'मराठा' होते. सॅम्युएल पीप्स या इंग्रजाने १ जानेवारी १६६० ला सुरू केलेली रोजनिशी साडेनऊ वर्षे लिहिली आणि ३१ मे १६६९ ला बंद केली. डोळे जातील अशी त्याला धास्ती होती. तसे शेवटच्या नोंदीत लिहून त्याने ती बंद केली. डोळे पुढे गेले नाहीत, तो आणखी चौतीस वर्षे जगला, पण ते असो. मला त्यातली रीत आवडते. त्याने वही मिटली, ती हातातून गळून पडली नाही. आपल्याकडची बहुतेक मासिके आणि रोजनिश्या गळून पडतात. 'पुढील अंकी' असे छापलेले असते आणि पुढील अंक नसतो. ज्याला थांबायचे आहे त्याने एखाद्या बऱ्या दिवशी ठरवावे, तसे वाचकांना सांगावे आणि शेवटचा अंक नीट काढावा. रडकुंडीला आलेल्या शनिवारी असले निर्णय घेऊ नयेत. भुकेल्या पोटी आणि रागाच्या भरात माणूस नोकरीचे राजीनामे लिहितो, त्यातले निम्मे संध्याकाळी फाडावे लागतात.

माझ्यापुरते म्हणाल तर अजून थांबायचे ठरवलेले नाही. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे वरच्या ओळी लिहायला आता स्टुलावर चढत नाही. दहावीतली एक मुलगी चढते आणि मी खालून सांगते. तिचे शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरे आहे आणि रंगीत खडूचा सोस माझ्यापेक्षा फार. मागच्या महिन्यात तिने विचारले, "मावशी, एखाद्या शनिवारी मी माझ्या मनाने लिहू?" मी तिला पिशवीतली वही दिली आणि त्यातला कोणताही विषय उचल म्हटले. तिने पाने चाळली. नदीवरच्या उताराची जुनी नावेची फेरी, सुताराच्या हत्यारांची नावे, बोरांच्या जाती, पोस्टात तार कशी येत असे. तिने 'तार' वर बोट ठेवले. भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, मी फळा सुरू केला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात. तिला तारेचे नाव फक्त जुन्या सिनेमातून ठाऊक. "तार आली की लोक रडायचे का हो?" तिने विचारले. मी म्हटले, "बस, सांगते. पण लिहायचे तू, आणि शनिवारी सहाच्या आत."